रानात गांजाच्या चोरट्या लागवडीवर पाय पडला तर: शिकारी आणि भटक्यांसाठी

कॅलिफोर्नियात हरणाच्या शिकारीचा हंगाम आणि रानातल्या गांजाच्या काढणीचा हंगाम एकमेकांवर येतात. राज्याने शिकारीसाठी पाडलेल्या विभागांपैकी ए झोनमध्ये धनुष्यबाणाची शिकार जुलैत सुरू होते, बंदुकीची ऑगस्टमध्ये. उत्तरेच्या झोनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर हे भराचे महिने. वसंतात लावलेली झाडं याच दिवसांत काढणीला येतात आणि राखणीला माणसं पिकाजवळच मुक्काम ठोकून असतात. शिकारी रुळलेली वाट सोडून गचपणात शिरतो, ओढ्याच्या कडेने वर चढतो, पहाटेच्या अंधारात आवाज न करता चालतो. त्यामुळे अशा जागी अचानक पोहोचणाऱ्यांत शिकारी बरेच असतात. मासेमारीला ओढ्याकाठी गेलेले आणि वाट सोडून फिरणारे ट्रेकरही त्यांच्यासोबतच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. यात चार गोष्टी येतात: जागा लवकर कशी ओळखायची, तिथून कसं निघायचं, विषाचा संपर्क झाला तर काय करायचं आणि कुणाला काय कळवायचं. चारांतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे विष. लोक बंदुकीला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पण राखणदार निघून गेल्यावरही विष तिथेच राहतं, आणि ते डोळ्यांना धोक्यासारखं दिसत नाही.

आधी कायद्याचं थोडक्यात. नोव्हेंबर 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 64, म्हणजे प्रौढांना गांजाची मुभा देणारा प्रस्ताव, मंजूर केला. 21 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीला आपल्या राहत्या जागी सहा झाडं लावता येतात आणि परवाना घेऊन व्यावसायिक शेतीही करता येते. म्हणजे हम्बोल्ट, मेंडोसिनो किंवा ट्रिनिटी काउंटीत खासगी जमिनीवर दिसलेलं प्रत्येक झाड गुन्ह्याचं नसतं. नॅशनल फॉरेस्ट मात्र केंद्र सरकारची जमीन आहे. तिथे एक झाडसुद्धा बेकायदा. म्हणून आपण नेमके कुणाच्या जमिनीवर उभे आहोत हे कळणं ही पहिली पायरी, आणि ती घरून निघण्याआधीच करायची.

निघण्याआधी

जमिनीची मालकी दाखवणारा नकाशा फोनवर उतरवून घ्या, असा की नेटवर्क नसतानाही उघडेल. ऑनएक्स, गाया, कॅलटोपो यांपैकी कुठलंही अॅप चालेल. फक्त मालकीचा थर आणि उंचीच्या रेषा दोन्ही उतरल्या आहेत का, हे फोन एअरप्लेन मोडवर टाकून तपासा. बहुतेकांची चूक इथेच होते. घरी वाय-फायवर नकाशा दिसतो आणि रानात पडदा कोरा निघतो.

निर्देशांकांची, म्हणजे अक्षांश-रेखांशांची, पद्धत एकच ठरवा: दशांश अंश, डब्ल्यूजीएस 84 (जीपीएस वापरतं ती). यूएसजीएस या सरकारी सर्वेक्षण संस्थेचे जुने कागदी नकाशे बहुधा एनएडी 27 या जुन्या पद्धतीवर आधारलेले असतात. कॅलिफोर्नियात या दोन पद्धतींतल्या आकड्यांत सुमारे 100 मीटरचा फरक पडतो. उघड्या माळावर 100 मीटर काहीच नाहीत, पण मॅन्झानिटाच्या झुडपांनी भरलेल्या घळीत तेवढ्यात शोधपथक भलत्याच फाट्यात शिरतं. दशांशानंतर पाच आकडे घ्या. चौथ्या आकड्याला साधारण 11 मीटरची अचूकता मिळते, पाचव्याला एक मीटरच्या आसपास.

ज्या भागात जाणार त्याच्या रेंजर डिस्ट्रिक्ट ऑफिसला (वनखात्याच्या स्थानिक कचेरीला) फोन करा आणि सरळ विचारा की या खोऱ्यात बेकायदा लागवडीच्या तक्रारी आहेत का, कुठला भाग टाळावा. नेमकी जागा ते सांगणार नाहीत, पण कुठे न गेलेलं बरं ते बहुधा सांगतात. मग घरच्या माणसाकडे लेखी ठेवा: गाडी कुठे लावणार, कोणत्या ओढ्याने वर जाणार, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा.

पिशवीत नेहमीच्या सामानाशिवाय एवढं हवं: नायट्राइल हातमोज्यांच्या दोन जोड्या, जाड प्लास्टिकच्या दोन मोठ्या पिशव्या, साबणाची छोटी वडी, फक्त धुण्यासाठी राखलेलं लिटरभर पाणी, आणि सोबत कुत्रा असेल तर जाळीचा मुखबंद. सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं उपकरण परवडत असेल तर घ्याच, कारण अशा जागा मुळातच मोबाइलची रेंज नसलेल्या खोऱ्यांत असतात. उपकरणात आधीच एक निरोप तयार करून ठेवा: ‘मी ठीक आहे, ठरलेली वाट सोडून परत येतोय.’ घाबरलेल्या बोटांनी लांब निरोप टाइप होत नाहीत.

दोघे-तिघे असाल तर हाताच्या दोन खुणा ठरवा: एक ‘थांब’, दुसरी ‘आल्या वाटेने मागे’. रेडिओला इअरफोन लावा. रानात बोललेला एक शब्द घळीच्या दोन्ही कडांवर जातो.

ओळख: झाडाच्या आधी नळी दिसते

गांजाचं झाड दिसलं की ओळख पटली असं लोक समजतात. खरं तर झाड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण तुम्ही तेव्हा पिकाच्या आत उभे असता. खुणा बाहेरून आत अशा क्रमाने येतात, आणि पहिल्या दोन-तीन खुणांवरच माघारी फिरायला हवं.

पहिली खूण पाण्याची. जिथे शेत नाही, घर नाही, गुरांचा पाणवठा नाही, तिथे काळ्या प्लास्टिकची अर्धा-पाऊण इंची नळी दिसली तर थांबा. ती पाल्याखाली दाबलेली असते आणि पावसाने माती वाहून गेली की हातभर उघडी पडते. वरच्या अंगाला गेलं तर ओढ्यात दगड आणि ताडपत्री लावून केलेला छोटा बांध सापडतो, खालच्या अंगाला ठिबकचे फाटे आणि झाडांची आळी. ऐन उन्हाळ्यात वाहायला हवा तो ओढा एका ठिकाणाखाली अचानक कोरडा पडला असेल आणि वर पाण्याचा आवाज येत असेल, तर तीही याच जातीची खूण. नळीच्या मागावर कुठल्याच दिशेने जाऊ नका.

दुसरी खूण वाटेची. हरणाची वाट आणि माणसाची वाट यात फरक आहे. हरीण झुडपाखालून वाकून जातं, त्यामुळे त्याच्या वाटेवर छातीच्या उंचीला फांद्या आडव्या येतात. माणसाची वाट डोक्यापर्यंत मोकळी असते. फांद्यांचे टोक कातरीने किंवा कोयत्याने साफ कापलेले दिसतात आणि चढावर मातीत पायऱ्यांसारखे खड्डे पडलेले असतात. नकाशावर नसलेली, रस्त्यापासून दहा-वीस पावलं आत गेल्यावरच सुरू होणारी, तरी चांगली रुळलेली वाट ही जोरदार खूण समजा.

वासही येतो. उन्हं चढल्यावर पिकत आलेल्या गांजाचा उग्र दर्प लांबवर येतो. स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या छोट्या प्राण्याच्या वासाशी त्याचं साम्य आहे. फरक ओळखायची सोपी रीत अशी: स्कंकचा वास हळूहळू विरतो, हा मात्र वारा त्याच दिशेने आला की पुन्हा तितकाच येतो.

त्यानंतरच्या खुणा मुक्कामाच्या: फांद्यांखाली ताणलेली हिरवी किंवा तपकिरी ताडपत्री, खतांच्या रिकाम्या गोण्या, छोट्या प्रोपेन सिलिंडरांची रास, डबाबंद अन्नाचे डबे, झाडाला टांगलेल्या पिशव्या. प्रोपेन वापरण्यामागे धूर दिसू नये हा हेतू असतो, तरी चुली पेटतातच. ऑगस्ट 2009 मध्ये सांता बार्बरा काउंटीत लॉस पाद्रेस नॅशनल फॉरेस्टमध्ये भडकलेली ला ब्रीया आग अशाच बेकायदा लागवडीच्या तळावरच्या स्वयंपाकाच्या आगीतून सुरू झाली आणि 89,000 एकरांहून जास्त रान जळालं.

रस्त्यावरही लक्ष असू द्या. गाडी नाही, मासेमारीचं सामान नाही, तरी निर्जन वळणावर मोठी पिशवी घेऊन थांबलेला माणूस, किंवा पहाटे एखाद्या जागी माणसं उतरवून लगेच निघून जाणारी गाडी. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण त्या वळणावरून त्या दिवशी रानात शिरायचं नाही एवढं ठरवायला पुरेसं आहे.

सर्वांत वाईट खूण मेलेल्या जनावरांची. एका जागेच्या आसपास उंदीर, खारी, पक्षी, कोल्हा किंवा अस्वल मरून पडलेलं दिसलं आणि अंगावर जखम नसेल, तर तिथे विष आहे असंच धरून चाला.

माघार

खूण पटली की जागच्या जागी थांबा आणि ऐका. बोलणं, रेडिओवरचं गाणं, नळीतून पाणी सुटल्याचा आवाज, कुत्रा. अर्ध्या मिनिटात बरंच कळतं. मग वळा आणि ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे जा.

त्याच वाटेने का, हा प्रश्न योग्य आहे, कारण पुढून वळसा घालून गाडीपर्यंत जवळचा रस्ता असू शकतो. पण आलेली वाट तुम्ही तुडवली आहे आणि तिथे काही झालेलं नाही एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वाटेबद्दल काहीच ठाऊक नाही. काही जागांच्या भोवती आडव्या तारा किंवा गळ टांगलेले सापडले आहेत. हे नेहमीचं नसलं तरी एकदा पाय अडकला की पुरतं. शिवाय लागवड एकाच तुकड्यात नसते, घळीत ठिकठिकाणी तुकडे पाडलेले असतात. वळसा घालणारा बहुतेक वेळा दुसऱ्या तुकड्यात जाऊन पोहोचतो.

बंदूक सोबत असेल तर ती नीट सांभाळा. खांद्याला लटकवा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली. दुर्बिणीचं काम रायफलच्या स्कोपने कधीही करू नका. स्कोपमधून पाहणं म्हणजे समोरच्यावर नेम धरणं, आणि समोरचा तसंच समजून उत्तर देईल. पाहायचंच असेल तर साधी दुर्बीण, तीही आडोसा मिळाल्यावर.

कुणी तुम्हाला पाहिलं तर पळू नका आणि लपूही नका. राखणदाराला भीती असते पोलिसांची आणि त्याहून जास्त पीक चोरणाऱ्यांची. लपणारा माणूस त्याला या दोघांपैकीच एक वाटतो. हात दिसतील असे ठेवा, साध्या आवाजात ‘हंटिंग, गोइंग बॅक’ एवढं म्हणा आणि चालू लागा. पिकाबद्दल प्रश्न नको, ‘मी काही पाहिलं नाही’ असली वाक्यं नकोत, फोन हातात धरणं तर मुळीच नको.

नारिंगी टोपी-जाकिटाबद्दल बरेच जण घोटाळतात. कॅलिफोर्नियात नारिंगी सक्तीचं नाही, तरी बंदुकीच्या हंगामात ते घालावंच, आणि लागवड दिसली म्हणून काढून टाकू नये. दुसऱ्या शिकाऱ्याची चुकून लागलेली गोळीही तितकीच खरी असते, आणि नारिंगी घातलेला माणूस लांबूनच शिकारी म्हणून ओळखू येतो. धनुष्यबाणवाल्यांची गोष्ट अवघड. ते पायापासून डोक्यापर्यंत झाडापानांच्या रंगात असतात आणि अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. त्यांनी पिशवीत एक नारिंगी टोपी ठेवावी आणि जागेपासून आडोशाला आल्यावर घालावी.

मध्ये एक पूर्ण डोंगरधार येईपर्यंत थांबू नका. पाणी प्यायला, फोटो पाहायला, जोडीदाराशी चर्चा करायला गाडी गाठल्यावर किंवा किमान दीडेक किलोमीटर गेल्यावर वेळ मिळेल.

जखमी हरणाचा माग आत गेला तर

हा प्रसंग शिकाऱ्याला खरोखर जड जातो. बाण बरोबर लागला आहे, रक्ताचे थेंब पानापानांवर दिसत आहेत, प्रत्येक थेंब आधीच्यापेक्षा ओला आहे आणि माग एका काळ्या नळीवरून पलीकडे जातो. तोंडचं जनावर सोडायचं कसं? कायदाही सांगतो की मारलेलं जनावर वाया घालवू नये, आणि ज्याने माग काढला त्याचं मनही तेच सांगतं.

तरी सोडायचं. हरणाने नळी ओलांडली त्या ठिकाणचे निर्देशांक घ्या, शेवटच्या थेंबाची दिशा लक्षात ठेवा आणि बाहेर पडा. रेंज मिळताच राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या वॉर्डनला कळवा: अमुक वाजता बाण लागला, माग इथपर्यंत काढला, पुढे बेकायदा लागवड असल्याने थांबलो. वेळेसह केलेली ही नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. वॉर्डन सोबत आले तर ठीक, नाहीतर ते हरीण गेलं असं समजा.

आणि ते मिळालं असतं तरी खाण्याजोगं होतं का, हा प्रश्न उरतोच. लागवडीत वावरणारी जनावरं तिथलं पाणी पितात आणि कोंब खातात. उंदीर मारायला वापरतात ती ब्रोडिफॅकमसारखी रक्त पातळ करणारी विषं यकृतात साठतात आणि महिनोन् महिने राहतात. शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत. 2025 मध्ये मॉन्टेरी काउंटीतल्या रानडुकरांच्या मांसात आणि चरबीत निळा रंग दिसला, तेव्हा राज्याच्या वन्यजीव खात्याने शिकाऱ्यांना सावध केलं. तिथे कारण डायफॅसिनोन हे उंदीरविष होतं, तेही शेतीच्या आमिषातलं, गांजाच्या लागवडीतलं नव्हे. पण धडा तोच आहे: जनावर फाडताना आतल्या मांसाचा रंग वेगळा दिसला, पोकळीत विनाकारण रक्त साचलेलं दिसलं तर खाऊ नका, खात्याला कळवा. आणि रंग नेहमीसारखा असला म्हणून विष नाही असं होत नाही, कारण प्रत्येक आमिषात रंग घातलेला नसतो. लागवडीच्या आसपास मारलेल्या जनावराचं यकृत तर टाळाच.

विष

बेकायदा लागवडीवर सापडणाऱ्या रसायनांत सर्वांत घातक कार्बोफ्युरान. शेतीत ते फ्युराडान या नावाने ओळखलं जातं. अमेरिकेत अन्नपिकांवरचा त्याचा वापर 2009 मध्ये पर्यावरण संस्थेने बंद केला, तरी चोरट्या मार्गाने आणलेले डबे रानात सापडतच राहतात. मेथोमिल, मेथामिडोफॉस आणि उंदरांची विषंही सापडतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या फिशर या मांजराएवढ्या, झाडांवर चढणाऱ्या मांसाहारी प्राण्याची मृत शरीरं तपासली होती. 58 पैकी 46 जणांच्या शरीरात उंदीरविषाचे अंश निघाले, म्हणजे 79 टक्के. हे प्राणी शेतीपासून दूर, दाट रानात राहणारे. मेथोमिल लावलेले हॉटडॉगचे तुकडे खाऊन फिशर मेल्याचीही नोंद आहे.

कार्बोफ्युरान आणि मेथोमिल शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला अडवतात. मज्जातंतूंचा इशारा थांबतच नाही आणि शरीर स्वतःलाच थकवत जातं. लक्षणं काही मिनिटांत ते काही तासांत दिसू लागतात: तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, मळमळ, पोटात पीळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंत फुरफुर, धाप. हे विष पोटातून जातं तसंच श्वासातून आणि कातडीतूनही जातं.

म्हणून नियम एकच: काहीही उचलायचं नाही. सर्वांत फसवी वस्तू म्हणजे थंड पेयाची साधी प्लास्टिकची बाटली. तिच्यात पातळ केलेलं कार्बोफ्युरान गुलाबी किंवा दुधट दिसतं आणि बाटलीवर लेबल पेयाचंच असतं. ‘रानातला कचरा गोळा करू या’ असं चांगल्या मनाने ठरवणारे याच बाटलीला हात घालतात. फवारणीचे पंप, रिकामे डबे, ताडपत्रीवर साचलेलं पाणी, झाडांची पानं, यांपैकी कशालाच हात लावू नका.

खालच्या अंगाचं पाणी पिऊ नका. पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि प्रोटोझोआ अडवतो, पाण्यात विरघळलेलं रसायन नाही. उकळून काही होत नाही, क्लोरीनच्या गोळ्यांनीही नाही. कार्बनचा फिल्टर काही रसायनं कमी करतो, पण किती ते रानात मोजता येत नाही, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवू नका. त्या खोऱ्यातून बाहेर पडेपर्यंत सोबत आणलेलंच पाणी प्या. आधीच बाटली भरून घेतली असेल तर ती ओतून द्या.

संपर्क झाल्याचा संशय असेल तर क्रम असा. आधी वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला जागेपासून दूर. मग हातमोजे घाला आणि भिजलेले कपडे उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी दुसऱ्या पिशवीत. टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढताना तोंडाला घासतो, म्हणून कापून काढा. कातडी साबण-पाण्याने धुवा, नखांखालून आणि कानांमागूनही. डोळ्यांत उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने 15 मिनिटं धुवा. धुण्याचं पाणी कमी पडत असेल तर डोळे आधी, मग चेहरा आणि हात, बाकीचं नंतर. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. कातड्याचे बूट आणि पट्टे विष शोषून घेतात आणि धुऊन साफ होत नाहीत, ते पुन्हा वापरू नका.

वरची लक्षणं दिसू लागली तर 911, अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक. लक्षणं नसतील पण संपर्क झाला असेल तर अमेरिकेतला विषबाधा सल्ला क्रमांक 1-800-222-1222, चोवीस तास. दोन्हीकडे ‘बेकायदा लागवडीवर कीटकनाशकाचा संपर्क, कार्बामेट असू शकतं’ असं स्पष्ट सांगा (कार्बोफ्युरान आणि मेथोमिल याच गटातली). अॅट्रोपिन हा यावरचा उतारा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारीच देतात, आणि कारण कळलं तर डॉक्टर तपासण्यांत वेळ घालवत नाहीत.

कुत्र्याची काळजी वेगळी. माणूस काही उचलून खात नाही, कुत्रा खातो. म्हणून अनोळखी खोऱ्यात जाळीचा मुखबंद आणि साखळी. त्याने काही खाल्लं आणि लाळ गळू लागली, पाय थरथरू लागले तर लगेच पशुवैद्य. त्याला गाडीत घालताना हातमोजे घाला, काचा उघड्या ठेवा आणि ओकारीला उघड्या हाताने स्पर्श करू नका. काहीच लक्षण दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या उंदीरविषाची लक्षणं कुत्र्यात तीन ते सात दिवसांनी उमटतात: हिरड्या फिक्या, खोकला, सुस्ती, नाकातून रक्त. संशय असेल तर 48 ते 72 तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के-1 वर जनावर वाचतं.

कळवणं

जीवाला धोका असेल तर 911. मोबाइलवरून लावलेला 911 टॉवरप्रमाणे भलत्याच काउंटीत जाऊ शकतो, म्हणून पहिलं वाक्य काउंटीचं आणि फॉरेस्टचं नाव सांगणारं असू द्या. धोका टळला असेल तर काउंटी शेरिफचा तातडीचा नसलेला क्रमांक, किंवा त्या नॅशनल फॉरेस्टचं ऑफिस, जिथून निरोप त्यांच्या पोलीस विभागाला जातो. पाणी अडवलेलं किंवा वन्यजीव मेलेले दिसले असतील तर राज्याची कॅलटिप लाइन, 1-888-334-2258. तिथे नाव न सांगताही माहिती देता येते.

सांगताना मोजकं पण पूर्ण सांगा. असा मजकूर पुरेसा आहे:

‘ट्रिनिटी काउंटी, शास्ता-ट्रिनिटी नॅशनल फॉरेस्ट. निर्देशांक अमुक, डब्ल्यूजीएस 84, मी उभा होतो तिथले. तिथून ईशान्येला अंदाजे 80 मीटरवर काळी नळी आणि झाडं. आज सकाळी 7:20. माणसं दोन ऐकू आली, दिसली नाहीत. हत्यार दिसलं नाही. मी पश्चिमेकडून ओढ्याने आलो, त्याच वाटेने गेलो. मला कुणी पाहिलं असं वाटत नाही.’

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. निर्देशांक तुमचे, जागेचे नव्हेत, आणि ते तसं सांगितलं आहे. जागेचे निर्देशांक अचूक मिळावेत म्हणून कुणीही आत जाऊ नये. आणि ‘ऐकलं’ व ‘पाहिलं’ वेगळं ठेवलं आहे. पथक आत जाणार आहे. त्यांचा जीव तुमच्या त्या एका शब्दावर अवलंबून असू शकतो.

फोनवर निर्देशांक चालता चालता नोंदवा, थांबून नको. फोटो घ्यायचा असेल तर जिथे आहात तिथूनच, फ्लॅश आणि शटरचा आवाज बंद करून, एकच. फोटो नसला तरी तक्रार तितकीच चालते. घेतलेला फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. त्यात जागेचे निर्देशांक दडलेले असतात आणि ते वाचून पीक चोरायला निघणारे लोक आहेत. उत्सुकतेने पाहायला जाणारे त्याहून जास्त.

तुमचा ट्रेल कॅमेरा (जनावरं टिपायला झाडाला बांधतात तो) त्याच भागात लावलेला असेल तर तो काढायला जाऊ नका. कॅमेऱ्याची जागा पोलिसांना सांगा, कार्ड ते काढतील. आधीच काढलेल्या कार्डात नळ्यांचे गुंडाळे किंवा गोण्या वाहणारी माणसं दिसली तर मूळ कार्ड तसंच ठेवा, त्यावरचं काही पुसू नका, संगणकावर प्रत काढून ती पाहा.

तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पथक आधी टेहळणी करतं आणि कारवाईला आठवडे लागू शकतात. त्या काळात ‘काय झालं ते पाहून येऊ’ म्हणून परत जाणं सर्वांत धोक्याचं, कारण तेव्हा तिथे राखणदार असतात आणि लपून बसलेले पोलीसही.

झाडं उपटून नेली तरी जागा साफ होत नाही. नळ्या, गोण्या आणि विषाचे डबे काढण्याचं काम वेगळं असतं. ते प्रशिक्षित लोक पूर्ण संरक्षक पोशाखात करतात, आणि पैसे व माणसं मिळेपर्यंत काही जागा वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. म्हणून तुमच्या नकाशावर त्या ठिकाणी खूण करून ठेवा आणि तिच्या खालच्या अंगाचा ओढा पुढच्या हंगामातही पिण्यासाठी वर्ज्य धरा. हंगाम उघडण्याआधी रेंजर ऑफिसला फोन करून विचारा की जागेची सफाई झाली का. ‘कारवाई झाली’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘रसायनं आणि नळ्या काढल्या का’ असं नेमकं विचारा.